सल्काटाचं पिल्लू खात नाही, दिवसभर मान आत घालून पडून असतं – काय करावं?

सायंतारा
मंडळी, मदत हवी आहे. घरात सल्काटा जातीच्या कासवाचं पिल्लू आहे. जमिनीवरचं, पाण्यातलं नव्हे. पाठ जेमतेम काडेपेटीएवढी. नाव टुणूक, पण सध्या नावाला अजिबात जागत नाही. आणल्यावर एक-दोन दिवस बरा फिरला, जास्वंदीचं पान कुरतडलं. नंतर जो कोपरा धरलाय तो सोडायला तयार नाही. उचलून अन्नासमोर ठेवलं की डोळे किलकिले करतो, पानाकडे बघितल्यासारखं करतो आणि मान परत आत.

मांडणी अशी: काचेची टाकी, खाली कोरडा लाकडाचा भुसा, वर एका बाजूला दिवा. 'यातूनच ऊब मिळते आणि उन्हाचं कामही यातूनच होतं' असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. काचेला आतून चिकटवलेला थर्मामीटर २६ दाखवतो. पाण्याची वाटी आहे, पण टुणूक पिताना कधी दिसला नाही. 'वाळवंटातलं जनावर, पाणी फारसं लागत नाही' हेही त्याच विकणाऱ्याचं वाक्य. काकडी, गाजर, टोमॅटो, पालक, सगळं पुढे करून झालं. शी केलेली दिसत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन ३४ ग्रॅम भरलं.

याला खायला कसं घालू? लेक शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी 'खाल्लं का त्यानं' विचारते.

दहावा_डाव
कासव आहे, हळूच असणार की हो! :)
गंमत सोडा, पिल्लं खूप झोपतात हे खरं आहे. केळ्याचा तुकडा ठेवून बघा. गोडावर सगळेच तुटून पडतात.

रानजाई
केळं नको! सल्काटा हे गवत-पाला खाणारं जनावर. त्याच्या आतड्यातले जिवाणू चोथा आंबवायच्या कामाचे असतात, साखर गेली की तिथला सगळा कारभार बिघडतो आणि जुलाब लागतात. काकडी-टोमॅटोत पाण्याशिवाय फारसं काही नाही, आणि पालकातली ऑक्झलेटं कॅल्शियम अडवून ठेवतात. एखाद्या दिवशी गेला पोटात तर आभाळ कोसळत नाही, पण रोजचं अन्न म्हणून नको.

कासवांना रंग चांगला कळतो, लाल-पिवळ्याकडे ओढा जास्त. जास्वंदीची लाल पाकळी किंवा डँडेलियनचं फूल अगदी बारीक चिरून, किंचित ओलं करून, चपट्या फरशीच्या तुकड्यावर ठेवा. वाटीत नको, काठ उंच पडतो. फुलवाल्याकडची फुलं मात्र वापरू नका, त्यांवर फवारणी केलेली असते.

कवचकुंडल
सायंतारा, रानजाईंनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे आणि ते सगळं सध्या बाजूला ठेवा. तुम्ही विचारलंत 'खायला कसं घालू', पण टुणूकची अडचण मला अन्नाची वाटत नाही. तो गारठलाय, आणि बहुतेक आतून सुकलाय. हे दोन्ही सुटल्याशिवाय पुढ्यात पंचपक्वान्नं वाढलीत तरी तो बघणार नाही.

कासव अंगाची ऊब स्वतः टिकवू शकत नाही. बाहेरून जेवढी मिळेल तेवढ्यावर चालणं, भूक, पचन, रोगाशी झुंजणं, सगळं अवलंबून. अंग गार असताना पोटात गेलेला पाला पुढे सरकत नाही, तिथेच सडत बसतो. त्यामुळे गार पिल्लू खायला नाही म्हणत असेल तर ते शहाण्यासारखं वागतंय. चमचा घेऊन त्याच्या मागे लागू नका.

तुमचा २६ हा आकडा काचेचा आहे. टुणूकच्या अंगाशी किती आहे ते त्यातून कळत नाही. वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि तो जमिनीलगत, त्याच्या पाठीच्या उंचीवर ठेवा. जमल्यास बंदुकीसारखा रोखून धरायचा इन्फ्रारेडवालाही, त्यानं दिव्याखालच्या फरशीचं तापमान लगेच कळतं. सल्काटाच्या पिल्लांसाठी मी असं धरतो: दिव्याखाली शेकायची जागा ३५ ते ३८, उबदार बाजूची हवा ३० च्या आसपास, गार बाजू २६-२७. रात्रीही २६ च्या खाली जाऊ देत नाही. गार बाजू हवीच, नाहीतर तापल्यावर बिचाऱ्यानं जायचं कुठे?

आता पाणी. आजच, हे वाचून झालं की करा. उभ्या भिंतीची, आरपार न दिसणारी छोटी टोपली किंवा डबा घ्या. त्यात ३२ ते ३५ अंशांचं कोमट पाणी, मनगटावर घेतलं तर ना गरम ना गार लागेल असं. खोली एवढीच की पोटाची ढाल पाठीला मिळते त्या सांध्यापर्यंत पाणी यावं आणि मान सहज वर राहावी. वीस ते तीस मिनिटं. पाणी निवलं की बदलायचं. डब्याला पाठ फिरवून फोनवर बोलत बसायचं नाही, एवढंसं पिल्लू उलटं झालं तर इंचभर पाण्यातही बुडतं. सध्या हे रोज, शक्यतो सकाळी. मग टिपून लगेच दिव्याखाली.

आणि हो, वाटीजवळ बसलेला दिसत नाही म्हणजे त्याला तहान नाही असं समजू नका. नव्या जागी आलेल्या पिल्लाला वाटीत पाणी आहे हे कित्येकदा समजतच नाही.

तीन गोष्टी कळवा: दिव्याच्या खोक्यावर नेमकं काय लिहिलंय, डोळे आत गेल्यासारखे वाटतात का, आणि नाकातून पाणी किंवा बुडबुडे येतात का.

सायंतारा
कवचकुंडल, खूप आभार. उत्तरं देते.

खोक्यावर 'डेलाइट' असं मोठ्या अक्षरात आहे आणि वॅट आहेत. यूव्हीबी (उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार) हा शब्द कुठेही नाही, खोकं उलटंपालटं करून बघितलं. डोळे थोडे आत वाटतात, पण माझ्याकडे तुलनेला दुसरं कासव नाही. नाक कोरडं आहे.

डिजिटल थर्मामीटर आणून लावला. दिव्याखाली २९. टुणूक बसतो त्या कोपऱ्यात २२! पहाटे उठून बघितलं तर १९. काचेवरची ती तबकडी तेव्हाही २४ म्हणत होती.

पाण्यात ठेवलं. पहिली काही मिनिटं नुसता दगड. मग मान हळूहळू बाहेर आली, इतकी लांब की मला माहीतच नव्हतं त्याला एवढी मान आहे. नाकाचं टोक पाण्यात बुडवलं आणि गळ्याखालची कातडी आतबाहेर व्हायला लागली. आधी वाटलं गुदमरतोय, उचलणारच होते. लेक म्हणाली, 'आई, पितोय तो.' खरंच पीत होता, बराच वेळ. शेवटी मागून पांढरं काहीतरी आलं, खडूच्या चुऱ्यासारखं. हे काय?

कवचकुंडल
ते युरेट. कासवं शरीरातला टाकाऊ नायट्रोजन मुख्यतः युरिक आम्लाच्या रूपात टाकतात, पाणी वाचवायची ती युक्ती आहे. अंगात पाणी पुरेसं असेल तर ते दह्याच्या निवळीसारखं किंवा मऊ मलईसारखं पडतं. बोटाला कचकच लागत असेल तर पिल्लू सुकलेलं आहे असं समजायचं. असंच चालू राहिलं तर मूत्राशयात खडा धरतो आणि मूत्रपिंडं कामातून जातात. छोटी पिल्लं दगावतात त्यात हे कारण फार मोठं आहे, आणि वरून काहीच दिसत नाही. नुसती 'झोपाळू' वाटतात.

पहाटे १९ असेल तर आणखी काही शोधायला नको. रात्रीसाठी सिरॅमिक हीटर लावा, तो उजेड न पाडता ऊब देतो, आणि तो थर्मोस्टॅटवरच चालवा, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला आपोआप चालू-बंद होतो. लाल किंवा निळे 'रात्रीचे' दिवे घेऊ नका, कासवाला तो उजेड दिसतो आणि झोप मोडते. खालून तापणारा दगड किंवा चटई नको. कासवाच्या लेखी ऊब वरून येते, पोट भाजत असलं तरी ते जागचं हलत नाही. टाकी उघडी असेल तर वरचा बराचसा भाग झाका, नाहीतर सगळी ऊब छताला.

गवताळ
वरच्या सल्ल्यात एक गोष्ट मला पटत नाही. रोज भिजवायचं, टाकी झाकायची, म्हणजे आत दमट होणार. आम्ही कासवं पाळायला लागलो तेव्हापासून हेच ऐकतोय की सल्काटा कोरड्या प्रदेशातलं, ओल लागली की फुफ्फुसं भरतात. माझ्याकडचं एक पिल्लू ओलसर भुशात ठेवल्यावर नाकातून बुडबुडे काढायला लागलं होतं. खाली कोरडंच हवं.

कवचकुंडल
गवताळ, तुमचा अनुभव खोटा नाही. पण तेव्हा टाकीत तापमान किती होतं? गार आणि दमट हे दुखणं आहे. उबदार आणि दमट यात पिल्लं फुलतात.

सल्काटा आफ्रिकेतल्या साहेलच्या, म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातली, बरोबर. पण ती तिथे उघड्यावर उन्हात बसून राहत नाहीत. मोठी कासवं मीटरच्या मीटर खोल बिळं खणतात आणि दिवसाचा तापलेला भाग तिथेच काढतात. बिळातली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी ओलसर असते. आपण काय करतो, तर वाळवंट म्हणून त्याला दिव्याखालच्या कोरड्या भुशात ठेवतो आणि बीळ देतच नाही.

पाठीवर एकेक खवला मनोऱ्यासारखा उंच होतो ना, त्याचं खापर आधी जास्त प्रथिनांवर फुटायचं. २००३ साली विझनर आणि इबेन यांनी सल्काटाच्याच पिल्लांवर अभ्यास केला. वेगवेगळी आर्द्रता, वेगवेगळी प्रथिनं. कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांच्या पाठीवर उंचवटे जास्त आले, प्रथिनांचा परिणाम त्या मानानं किरकोळ निघाला. तेव्हापासून बहुतेक जाणती मंडळी सल्काटाची पिल्लं ऐंशी टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेत वाढवतात.

गवताळ
तापमान... खोलीचं होतं तेवढंच. हिवाळा होता.
ठीक आहे, मुद्दा कळला. पण मग नवख्या माणसाला 'दमट ठेवा' एवढंच सांगू नका. आधी ऊब, मग ओल, हा क्रम ठासून सांगा. लोक अर्धंच वाचतात.

कवचकुंडल
शंभर टक्के मान्य. रात्रीचं २६ जमत नाही तोवर टाकी ओली करायची नाही.

मृगजळ
मी पशुवैद्य आहे, सरपटणारे प्राणी नेहमी बघते. धागा चांगला चाललाय म्हणून गप्प होते, पण दोन-तीन गोष्टी वेळेत सांगायला हव्यात.

ऊब आणि पाणी नीट केल्यावर चार-पाच दिवसांत पिल्लू हालचाल करताना दिसायला हवं. नाही दिसलं तर दाखवायला न्या. पुढची लक्षणं असतील तर तेवढंही थांबू नका: तोंड उघडून श्वास घेणं, नाकातून बुडबुडे, सुजलेल्या किंवा चिकटलेल्या पापण्या, पाय ओढल्यावर प्रतिकार न करणं, मान लुळी पडणं. ढाल दाबून बघायची तर अगदी हलक्या बोटानं. इतक्या लहान पिल्लाची ढाल थोडी लवचीक असतेच, त्याला घाबरू नका. पण आधी घट्ट होती आणि आता दबते, असं असेल तर कॅल्शियम आणि ड-जीवनसत्त्वाची गडबड असू शकते.

नेताना शीचा ताजा नमुना सोबत न्या, ओल्या टिश्यूत गुंडाळून छोट्या डबीत. जंत किती आणि कोणते ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून मगच औषध ठरवायचं. कुत्र्या-गाईंसाठी सर्रास वापरतात ते आयव्हरमेक्टिन कासवांना विषारी आहे, जीव जातो. ज्या डॉक्टरांचा सरपटणाऱ्यांशी संबंध येत नाही त्यांनाही हे माहीत नसू शकतं, तेव्हा स्पष्ट विचारा. डोळे सुजले म्हणून अ-जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायची घाई कुणी केली तरी हेच. मात्रा थोडी जास्त झाली तर कातडी सोलून निघते.

तोंड उघडून भरवणं घरी करूच नका. जबडा दुखावतो, अन्न श्वासनलिकेत जातं. सुकलेल्या जनावराच्या पोटात एकदम अन्न कोंबणं तर आणखी वाईट. आम्ही दवाखान्यातसुद्धा आधी अंग गरम करतो, मग पाणी भरून काढतो, अन्न शेवटी.

दहावा_डाव
माझं केळं मागे घेतो.

रानजाई
:) घ्या, आणि स्वतः खा.

सायंतारा, दिव्याचं राहिलं. तुमच्या दिव्यातून ऊब आणि उजेड मिळतो, यूव्हीबी नाही. उन्हातल्या साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या किरणांनी कातडीत ड३ जीवनसत्त्वाचं कच्चं रूप तयार होतं आणि मग अंगाच्या उबेनं त्याचं ड३ होतं. म्हणजे इथेही गार कासव अर्ध्यावरच अडकतं. ड३ नसेल तर वरून कितीही कॅल्शियम भुरभुरवा, आतड्यातून ते पुरेसं शोषलं जात नाही.

लांब टी-५ नळी (बारीक ट्यूबलाइट) घ्या, जिच्यावर यूव्हीबी स्पष्ट लिहिलेलं असतं. किती अंतरावर लावायची ते तिच्याच कागदावर बघा, आणि मध्ये काच किंवा प्लॅस्टिक येऊ देऊ नका, ते हे किरण अडवतात. खिडकीतून आत आलेलं ऊन याच कारणानं उपयोगाचं नाही. पिळदार छोटे यूव्हीबी दिवे स्वस्त पडतात, पण त्यांतल्या काहींनी डोळे चुरचुरतात आणि पिल्लू डोळे मिटून बसतं. आपण समजतो झोपलंय. उजेड बारा तास, मग पूर्ण अंधार. नळी पेटत राहिली तरी तिच्यातलं यूव्हीबी कमी होत जातं, सहा महिने ते वर्षभरानं बदलावी लागते.

खरं ऊन मिळालं तर त्याहून चांगलं काही नाही. पण टोपलीत, अर्ध्या भागावर सावली करून, आणि तुम्ही शेजारी बसून. काचेची टाकी उन्हात कधीही ठेवू नका, काही मिनिटांत भट्टी होते.

सायंतारा
उशीर झाला लिहायला, पण बातमी बरी आहे.

सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडला, रात्रभर २७ राहतं. दिव्याखाली एक चपटा दगड ठेवला आणि दिवा खाली घेतला, आता ३६. भुसा काढून नारळाचा काथ्या घातला, ओला करून पिळलेला. काचेला बाहेरून कागद लावला, कारण मृगजळताईंच्या प्रतिसादानंतर मी चार ठिकाणी वाचत बसले आणि कळलं की कासवांना काच समजत नाही, आरपार दिसतं म्हणून ढुशा देत राहतात. एक आडवी कुंडी अर्धी पुरून बीळ केलं, तिथला काथ्या जरा जास्त ओला ठेवते.

फरक दुसऱ्याच दिवशी दिसला. दिवा लागल्यावर थोड्या वेळानं बिळातून आपणहून बाहेर आला, दगडावर चढला आणि चारही पाय आणि मान पसरून पडला. ते बघून मी आधी घाबरले होते हे सांगायला हरकत नाही.

खाणं मात्र अजून नाही. पाणी पितो, पांढरं आता मऊ पडतं. वजन ३६, पण ते पाण्याचंच असणार ना?

मृगजळ
पाण्याचंच, आणि तेच हवं होतं. पाय-मान पसरून पडणं हे शेकताना अगदी नेहमीचं. अंग गरम असूनही तसाच लुळा राहिला, उचलल्यावर पाय ओढून घेतले नाहीत, तर काळजी.

कवचकुंडल
आता अन्नाकडे या. भिजवून झालं, शेकून झालं की तासाभरानं ठेवा. त्या वेळी अंग तयार असतं. त्याच्यासमोर बसून बघत राहू नका. वरून येणारी मोठी सावली त्याच्यासाठी शिकारी असते. ठेवा आणि खोलीतून जा. दिवसातून दहा वेळा उचलून 'बघतोस का रे' करू नका. नव्या जागेत रुळायला एक-दोन आठवडे लागू शकतात आणि हाताळणं तेवढं लांबवतं.

काय द्यायचं ते वर आलंय, त्यात भर: तुतीची पानं, द्राक्षाची पानं, चिकोरी-एंडाइव्हसारखा पाला, काटे काढलेलं नागफणीचं पान. नागफणी बहुतेकांना आवडते, त्यातला चिकट रस ओल टिकवतो. एकदम कोवळं गवत कात्रीनं अगदी बारीक करून त्यातच मिसळायचं. मोठेपणी बहुतांश आहार गवताचाच असणार, तेव्हा चव आतापासून लागलेली बरी. फॉस्फरस नसलेली कॅल्शियमची पूड आठवड्यातून दोन-तीनदा, चिमूटभर.

आणखी एक युक्ती कासववाले वापरतात: गाजर शिजवून, अगदी पातळ गाळून ते भिजवायच्या कोमट पाण्यात मिसळायचं. पिताना थोडं पोटात जातं, भूक चाळवते म्हणतात. यामागे शास्त्र किती आणि श्रद्धा किती यावर आमच्यात वाद आहेत. काही पिल्लं त्यानंतर खायला लागलेली मी पाहिली आहेत, पण तीच पिल्लं कोमट पाण्यातही असतात ना, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं? नंतर साध्या कोमट पाण्यानं धुवून घ्या म्हणजे झालं.

सायंतारा
खाल्लं!!

आज भिजवून, शेकवून, बारीक चिरलेल्या जास्वंदीच्या पानांवर एक लाल पाकळी ठेवली आणि आम्ही दोघी दाराच्या फटीतून बघत राहिलो. (खोलीतून जायला सांगितलं होतं, घरातून नाही.) आधी वास घेत दोन वेळा वळसा घातला. मग पाकळीचा काठ तोंडात धरला आणि पुढच्या पायानं उरलेली पाकळी दाबून मान मागे ओढली, तशी ती फाटली. पाकळीला अर्धगोल खाच. दुसरा घास चुकला, स्वतःच्या पायाला चावला, दचकला, परत पाकळीकडे. सगळं संपवायला बराच वेळ लागला आणि शेवटी एक लाल तुकडा गालाला चिकटलेला घेऊन उबेला जाऊन बसला. नागफणीला तोंड लावलं नाही.

लेकीला आता टुणूकला सोबत म्हणून दुसरं पिल्लू हवंय. आणू का?

कवचकुंडल
नको. कासवाला सोबत लागत नाही. दोन पिल्लांत एक वरचढ होतं: शेकायची जागा अडवतं, अन्नावर बसून राहतं, दुसऱ्यावर चढतं. आपल्याला वाटतं माया करताहेत. दबलेलं पिल्लू खायचं सोडतं, आणि मग त्याच्यासाठी हाच धागा पुन्हा काढावा लागतो. आणायचंच असेल तर संपूर्ण वेगळी टाकी, आणि नवं आलेलं निदान काही महिने लांब, वेगळ्या भांड्यांसह.

दुसरं आणण्याआधी पहिलं केवढं होणार ते लेकीला सांगा. मुख्य भूमीवर राहणाऱ्या कासवांत सल्काटा सर्वांत मोठं. गॅलापागोस आणि अल्डाब्रा बेटांवरची महाकाय कासवं तेवढी त्याच्याहून मोठी. नर चाळीस-पन्नास किलोंचा सहज होतो, भिंतीखालून खणत जातो, आणि कित्येक दशकं जगतो. टुणूक नर की मादी ते आत्ता कळणार नाही. ते अंडी कुठल्या तापमानाला उबली यावर ठरतं आणि दिसायला काही वर्षं जावी लागतात.

रानजाई
अवांतर, पण सांगायला हवं. घेताना कागदपत्रं मिळाली असतील तर जपून ठेवा. नसतील तर तुमच्याकडचा नियम काय ते बघा. जमिनीवरच्या कासवांच्या सगळ्या जाती सायटिस, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराखाली येतात. रानातून पकडलेल्या सल्काटांच्या व्यापारी निर्यातीचा कोटा २००० सालापासून शून्य आहे. तारा कासव तर २०१९ पासून परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापाराला जवळपास पूर्ण बंदी. 'कुठून आलं' हे विचारूनच घ्यावं.

आणि लेकीला हात धुवायची सवय. कासव धडधाकट असलं तरी अंगावर साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो. भिजवायचा डबा स्वयंपाकघरात विसळू नका, आणि वजनासाठी आता वेगळा काटा घ्या.

सायंतारा
काटा वेगळा घेते, हे डोक्यातच आलं नव्हतं. दुसरं पिल्लू रद्द. लेक रुसली आहे, पण पन्नास किलो ऐकून डोळे मोठे झाले. कागदपत्रं आहेत.

आज शीही झाली, हिरवट-काळी, घट्ट. एवढा आनंद मला शेवटचा कधी झाला होता आठवत नाही. नमुना डबीत भरून ठेवलाय, तपासायला देते. टी-५ नळीही लागली. आठवड्याला वजन इथे टाकत जाईन.

वाचनमात्र
नमस्कार, बरेच दिवस नुसता वाचतोय, पहिल्यांदाच लिहितोय. माझ्याकडे हर्मन जातीच्या, जमिनीवरच्याच कासवाचं पिल्लू आहे, या वर्षीचंच. थंडी पडल्यापासून असंच गप्प आहे, खाणं बंद. हर्मन शीतनिद्रा घेतात असं वाचलं, म्हणून झोपू देत होतो. खोली रात्री १४ पर्यंत जाते. हे योग्य आहे ना?

मृगजळ
नाही, कृपया तसं ठेवू नका. हर्मन शीतनिद्रा घेतात हे खरं, पण ती ५ अंशांच्या आसपास, आधी तपासणी करून आणि पोट पूर्ण रिकामं झाल्यावर. १४ अंश मधलंच आहे. नीट झोप लागायला गरम आणि पचायला गार. शरीर साठा जाळत राहतं, पोटातलं अन्न सडतं, आणि पिल्लाकडे साठा असतोच किती? नवख्या पाळणाऱ्यानं पहिल्या वर्षी झोप टाळलेली चालते.

आज कोमट पाण्यात भिजवा आणि दिवा लावा. मात्र हर्मनचे आकडे वेगळे: शेकायची जागा ३२ ते ३५, गार बाजू २२-२४, आणि रात्र सल्काटाएवढी गरम लागत नाही, २० च्या आसपास पुरे. आर्द्रतेचाही ऐंशीचा आकडा जसाच्या तसा उचलू नका, लपायची जागा ओलसर ठेवा, बस.

वाचनमात्र
दिवा लावला. भिजवलं तेव्हा प्यायलं, वर सायंतारांनी लिहिलंय तसंच, गळा हलत होता. नाक कोरडं आहे. डोळे उघडे आहेत पण चालत नाही अजून.

कवचकुंडल
प्यायलं म्हणजे निम्मं काम झालं. रात्रीतून परत १४ वर जाऊ देऊ नका, नाहीतर दिवसा केलेलं सगळं पाण्यात. चालण्याची वाट उद्या-परवा बघा. आणि वेगळा धागा काढा, दोन जातींचे आकडे एकाच ठिकाणी आले की वाचणारा सल्काटाची रात्र हर्मनला देऊन बसेल. पहिल्याच प्रतिसादात वजन, चार ठिकाणचं तापमान आणि दिव्याच्या खोक्यावरचा मजकूर टाका.